ओव्याचे फूल

ओव्याचे फूल म्हणजे ओव्याच्या रोपाला येणारे फूल नव्हे. त्या रोपाला फुले येतात ती पांढरी, बारीक, छत्रीसारख्या गुच्छांत. कोथिंबीर किंवा शेपू फुलावर आल्यावर दिसते तशी. त्यांना बाजारात कोणी विचारत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात ‘ओव्याचे फूल’ म्हणून जे पुडीत बांधून मिळते, ते खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे पांढरे स्फटिक असतात. पुडी उघडली की वास नाकाआधी डोळ्यांना कळतो. रसायनशास्त्रात याला थायमॉल म्हणतात. ओव्याच्या दाण्यात जे उडून जाणारे तेल असते, त्यातला हा गोठून खाली बसणारा भाग. जुन्या कारागिरांच्या भाषेत वाफेतून किंवा अर्कातून असा निघालेला शुभ्र पदार्थ म्हणजे ‘फूल’. पुदिन्याचे फूल, लोबानाचे फूल, जस्ताचे फूल ही सगळी त्याच वळणाची नावे.

आपल्याकडे ओवा हा घरातला. थालीपिठात, भज्यांच्या पिठात, शेवेत तो असतोच. जेवण जड झाले तर चिमूटभर ओवा आणि मीठ तोंडात टाकायचे, वर कोमट पाणी प्यायचे. बाळंतिणीला जेवणानंतर ओवा आणि बाळंतशेपा चघळायला द्यायचा, तिच्या खोलीत शेगडीवर ओवा टाकून धुरी करायची. (ही धुरी आता तान्ह्या बाळाच्या खोलीत करू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि ते बरोबर आहे. कोंडलेल्या खोलीतला धूर कशाचाही असो, तो धूरच.) इतका घरचा असल्यामुळे ओव्याच्या नावाने जे जे येईल ते सगळे निरुपद्रवी, असा आपला समज झाला आहे. ओव्याचे तेल आणि ओव्याचे फूल या समजात बसत नाही. त्याचा इतिहास पाहिला तर ज्यांनी ज्यांनी ते हाताळले, त्यांना हे चांगले ठाऊक होते.

आधी थोडा हिशेब करू. वाळलेल्या ओव्यात तेल साधारण शेकडा दोन ते चार. म्हणजे किलोभर ओवा भट्टीवर चढवला तर हाती लागते वीस ते चाळीस ग्रॅम. त्या तेलात जवळजवळ निम्मे थायमॉल. करंगळीएवढ्या दहा मिलिलिटरच्या बाटलीत पावशेरापासून अर्ध्या किलोपर्यंतचा ओवा दाटलेला असतो. तेलाचा एक थेंब म्हणजे ढोबळमानाने अर्धा चमचा ओवा. अर्धा चमचा ओवा एका घासात चावून पाहा. जीभ बधिर होईल आणि पुढचा घास तुम्ही आपणहून थांबवाल. दाणा स्वतःच आपल्याला आवरतो. थेंब आवरत नाही, तो साखरेवर पडून गुपचूप आत जातो.

हे तेल काढायची जुनी रीत अत्तराच्या भट्टीसारखीच. देगेत ओवा आणि पाणी घालायचे, झाकण मातीने लिंपायचे, खाली मंद जाळ करायचा आणि वाफ नळीवाटे थंड भांड्यात न्यायची. त्या भांड्यात खाली जमते ते ओव्याचे पाणी, म्हणजेच अर्क, आणि वर तरंगते ते तेल. दक्षिणेत याच पाण्याला ‘ओमम वॉटर’ म्हणतात आणि लहानथोरांच्या पोटफुगीवर ते आजही विकले जाते. तेल थंड जागी उघडे ठेवले की त्यात स्फटिक धरू लागतात. तेच फूल.

या पाण्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. थायमॉल पाण्यात फारच कमी विरघळते. लिटरभर पाण्यात सुमारे एक ग्रॅम, त्यापलीकडे नाही. त्यामुळे ओव्याचा अर्क कितीही कडक काढला तरी त्याला निसर्गानेच घातलेली एक मर्यादा असते. तेलात, तुपात, मद्यात मात्र थायमॉल भरपूर विरघळते. अर्काचा डाव पाण्याच्या मर्यादेत चालतो. फूल आणि तेल ती मर्यादा ओलांडून येतात.

आता पुण्याकडे वळू. फ्लुकिगर आणि हॅनबरी या दोघांचा ‘फार्माकोग्राफिया’ हा वनौषधींवरचा नावाजलेला ग्रंथ १८७४ मध्ये लंडनला निघाला. त्यात ओव्याच्या प्रकरणात पुण्याचा उल्लेख येतो. उज्जैन आणि मध्य हिंदुस्थानात इतरत्र हे फूल तयार होते आणि पुण्याच्या व दख्खनमधल्या इतर गावांच्या दुकानांत ‘अजवाइन का फूल’ या नावाने विकले जाते, अशी नोंद त्यांनी केली आहे. म्हणजे विलायती औषधी कारखान्यांचा माल आपल्या गावोगावी पोहोचण्याच्या आधी, आपल्याच भट्ट्यांवर शुद्ध स्फटिक निघत होते आणि पुण्याच्या दुकानांत पुड्या बांधल्या जात होत्या. या भट्ट्या चालवणाऱ्या कारागिरांपैकी एकाचेही नाव कुठल्या ग्रंथात उतरलेले नाही, हे मला नेहमी खटकते.

नावे उतरली ती रसायनशास्त्रज्ञांची. १८५५ मध्ये जॉन स्टेनहाउस यांनी आणि १८५६ मध्ये मुंबईतले डॉ. हेन्स यांनी या फुलाची परीक्षा केली. युरोपात थाइम नावाची एक सुगंधी वनस्पती होते. तिच्या तेलातून असेच स्फटिक निघतात, हे बर्लिनचे औषधशास्त्रज्ञ नॉइमान यांना १७१९ मध्येच दिसले होते, आणि थायमॉल हे नाव त्या वनस्पतीवरूनच पडले. पुण्याच्या दुकानातले फूल आणि युरोपातले थायमॉल हे एकच द्रव्य आहे, असा निर्वाळा या दोघांनी दिला. (हे स्टेनहाउस म्हणजे ज्यांनी १८५४ मध्ये लाकडी कोळशाचा, विषारी हवा गाळणारा मुखवटा बनवला तेच.) पुढे जंतुनाशकांचे युग आले तेव्हा थायमॉलला भाव आला. जखमा धुणे, मुखशुद्धी, मलमे, सगळीकडे ते शिरले. १८७९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या लिस्टरीनमध्ये ते होते आणि अजूनही आहे. आणि थाइमपेक्षा ओव्यातून ते कितीतरी स्वस्तात निघते, हे एव्हाना कळून चुकले होते.

मग ओव्याचे काय झाले? कापसाचे झाले तेच. आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या माणसाला हे फोड करून सांगावे लागत नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणारी अरुंद रुळांची शकुंतला १९०३ मध्ये सुरू झाली ती कापसाच्या गाठी बाहेर नेण्यासाठी. गाठ इथून जायची आणि कापड तिथून यायचे. ओव्याची पोती तशीच मुंबई बंदरातून जर्मनीला जात. लाइपझिगजवळ मिल्टिट्झ येथे शिमेल कंपनीचा सुगंधी तेलांचा मोठा कारखाना होता. तिथे ओवा भट्टीवर चढे, थायमॉल वेगळे निघे आणि बाटल्यांत भरून जगभर, अगदी आपल्याकडेही, परत येई. उरलेले तेल साबणाच्या सुगंधात खपे. आपल्याकडे भट्टी होती, ओवा होता, फूल काढायची विद्याही होती. पण दवाखान्यातली बाटली जर्मन.

१९१४ मध्ये युद्ध पेटले आणि हा रस्ता एका रात्रीत बंद झाला. इकडे ओव्याला गिऱ्हाईक नाही आणि तिकडे दवाखान्यांत थायमॉल नाही. भाव कडाडले. तेव्हा सरकारला जाग आली आणि हिंदुस्थानातच ओव्याच्या भट्ट्या नव्याने उभ्या राहू लागल्या. थायमॉलसाठी एवढी धावपळ का, तर त्या वेळी ते नुसते मुखशुद्धीचे द्रव्य राहिले नव्हते. अंकुशकृमीवरचे ते मुख्य औषध झाले होते.

अंकुशकृमी म्हणजे अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरून आतड्याला चिकटणारा आणि रक्त पिणारा जंत. माणूस पांढराफटक पडतो, धाप लागते, काम होत नाही. लोक त्याला आळशी म्हणतात. आल्प्स पर्वतात सेंट गॉटहार्डचा बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खोदला गेला. तिथले मजूर मोठ्या संख्येने असे पांढरे पडू लागले तेव्हा १८८० मध्ये पेरोन्चितो यांनी हा जंत त्यांच्यात शोधून काढला आणि त्याच सुमारास तुरीनचे बोत्सोलो यांनी त्यावर थायमॉल वापरायला सुरुवात केली. १९०९ मध्ये अमेरिकेत रॉकफेलर यांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून दक्षिणेतल्या राज्यांसाठी अंकुशकृमी निर्मूलनाची मोहीम निघाली, तीही थायमॉलवरच. गावोगावी तंबू ठोकून लोकांना रांगेने हे औषध दिले गेले. ओव्याच्या फुलाने इतक्या लोकांच्या अंगात रक्त परत आणले, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात यायला हरकत नव्हती.

पण त्या तंबूत औषध कसे देत, ते पाहण्यासारखे आहे. आदल्या संध्याकाळी रोग्याला जुलाब द्यायचा, रात्री जेवण नाही. सकाळी थायमॉलच्या मात्रा दोन तासांच्या अंतराने, आणि नंतर पुन्हा जुलाब, म्हणजे मेलेले जंतही बाहेर आणि उरलेले औषधही बाहेर. मात्रा वयाप्रमाणे ठरलेली. आणि सगळ्यांत कडक नियम असा की त्या दिवशी तेल, तूप, लोणी, मद्य यांचा स्पर्शही नको. कारण मघाशी सांगितले तेच. थायमॉल आतड्यातच राहिले तर ते जंताला मारते. पोटात तेल-तूप किंवा दारू असेल तर ते त्यात विरघळून रक्तात उतरते आणि माणसाला घातक होते. हा नियम काही टेबलावर बसून केलेला नव्हता. तो मोडल्यामुळे माणसे दगावल्याच्या नोंदी त्या काळच्या वैद्यकीय लिखाणात आहेत. घरचा ओवा, पण त्याचे फूल देताना डॉक्टर रोग्याच्या ताटात काय आहे ते आधी विचारत.

थायमॉलचे हे राज्य फार टिकले नाही. पुढच्या काही वर्षांत चेनोपोडियमचे तेल आले, मग कार्बन टेट्राक्लोराइड आले, आणि तीही गेली. ती तर याहून जहाल होती. आज शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, २०१५ पासून, अल्बेंडाझोलची एक गोळी चघळायला देतात. जंतासाठी आता ओव्याच्या फुलाची गरज उरलेली नाही, आणि कोणी तसे घ्यायला सांगितले तर ऐकू नये.

फूल टिकले ते दुसऱ्याच वाटेने. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला लाहोरचे वैद्य पंडित ठाकुरदत्त शर्मा यांनी ‘अमृतधारा’ बाजारात आणली. कापूर, पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल. हा त्या प्रकारच्या औषधांचा गाभा. हे तीन घट्ट पदार्थ एका बाटलीत घालून हलवले की काही न ओतताच त्यांचे पाणी होते. यात जादू नाही. थायमॉल सुमारे पन्नास अंशांना वितळते, मेंथॉल बेचाळीस-त्रेचाळीसला, कापूर तर पावणेदोनशेच्या पुढे. पण एकमेकांत मिसळले की सगळ्यांचाच वितळणबिंदू खाली येतो आणि साध्या हवेतच ते द्रव होतात. पाहणाऱ्याला मात्र ती जादूच वाटे. अमृतधारा घरोघर गेली, फाळणीनंतर लाहोरहून देहरादूनला आली, आणि तिच्या नावाशी जुळती नावेही निघाली. कानपूरच्या एका कंपनीची ‘लक्ष्मणधारा’ १९२३ पासून विकली जात असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने १९६२ मध्ये असे मानले की ही दोन नावे साध्या, अर्धवट आठवणीवर औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकाला सारखीच वाटतील. मात्र ‘लक्ष्मणधारे’चा इतक्या वर्षांचा वापर पाहून उत्तर प्रदेशापुरती तिची नोंदणी मान्य केली. व्यापारचिन्हांच्या कायद्यात हा निकाल अजूनही शिकवतात. अर्धवट आठवणीवर औषध मागणारे गिऱ्हाईक मात्र मी कायद्याच्या पुस्तकात नाही, आमच्या घरच्या दुकानात पाहिले.

ढाणकी हे उमरखेड तालुक्यातले बाजाराचे गाव. इकडे वऱ्हाड, आणि पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. १९४८ पर्यंत नदीपलीकडे निजामाचे राज्य होते. मालाची ने-आण करायची तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. आजोबांचे दुकान किराणा आणि काष्ठौषधींचे. दुकानावर पत्रे होते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की पुदिन्याचे फूल बरणीत आपोआप वितळायचे आणि संध्याकाळी पुन्हा गोठायचे. ओव्याचे फूल वितळत नसे, पण बूच सैल असले तर महिन्याभरात निम्मे उडून जाई आणि शेजारच्या चहाच्या डब्याला त्याचा वास लागे. म्हणून आजोबा दोन्ही फुले जाड काचेच्या, घट्ट बुचाच्या बाटल्यांत घालून माठाच्या मागे, अंधारात ठेवत.

बाजाराच्या दिवशी नदीपलीकडची माणसेही येत. “काका, पोटात लय कळ मारू राह्यली, ते पेपरमेंटचं पानी द्या न जरासं,” असे कोणी म्हटले की आजोबा बाटलीला हात लावायच्या आधी विचारत, “कोणासाठी पाहिजे?” मोठ्या माणसासाठी असेल तर बत्ताशावर दोन थेंब टाकून तिथेच देत, बाटली हातात देत नसत. लेकरासाठी असेल तर सरळ ‘नाही’ म्हणत आणि ओव्याचे पाणी उकळून, गाळून, गार करून चमचाभर द्यायला सांगत. गिऱ्हाईक नाराज होऊन समोरच्या दुकानात जाई.

असे एकदा खरेच झाले. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. गल्लीतल्या एका घरात वर्ष-सव्वा वर्षाच्या पोराला पोट दुखते म्हणून घरीच केलेल्या अमृतधारेचे थेंब पाजले. किती, ते कोणालाच धड सांगता आले नाही. पंधरा-वीस मिनिटांत त्याला झटके आले. बैलगाडी जुंपायला वेळ नव्हता, एक जीप मिळाली, तालुक्याच्या दवाखान्यात नेले. पोर वाचले. डॉक्टरांनी सांगितले की हे कापराचे काम.

कापूर हा अमृतधारेतला सगळ्यांत धोक्याचा घटक. लहान मुलाच्या पोटात तो थोडासा गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि मात्रा जास्त झाली तर जीव जाऊ शकतो. अमेरिकेने १९८० च्या दशकात अंगाला लावायच्या औषधांतले कापराचे प्रमाण अकरा टक्क्यांपुरते मर्यादित केले, ते अशाच घटनांमुळे. घरी केलेल्या अमृतधारेत ते तेहतीस टक्क्यांच्या घरात असते. मेंथॉलचा धोका वेगळा. तान्ह्या बाळाचे नाक चोंदले म्हणून अशा मिश्रणाचे बोट नाकपुडीला लावतात. त्या झोताने बाळाचा स्वरमार्ग आवळला जाऊन श्वास अडकू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ, छातीवर, तोंडात यांतले काहीही नको. त्यापुढच्या वयातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात नको. गरोदर बाईनेही तेल किंवा फूल पोटात घेऊ नये. थालीपिठातला ओवा ही वेगळी गोष्ट आहे, तो खुशाल खावा.

नावांच्या घोटाळ्याबद्दल इथेच सांगतो, कारण तो दुकानदारालाही फसवतो. ‘ओवा’ या नावाखाली काष्ठौषधीत तीन वेगळ्या वस्तू येतात. एक आपला नेहमीचा. दुसरा किरमाणी ओवा. हा दवण्याच्या जातीतला. यातले सँटोनिन एके काळी जंतांवर देत आणि ते जास्त झाले की रोग्याला सगळे पिवळे दिसू लागे. तिसरा खुरासानी ओवा, आणि तो तर धोतऱ्याच्या कुळातला, अस्सल विषारी. त्यातली द्रव्ये डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करतात, तोंड कोरडे पाडतात, माणूस बडबडू लागतो. वैद्य तो अगदी मोजून वापरत. पुडीवर नुसते ‘ओवा’ लिहिलेले असेल आणि दाण्याला तो ओळखीचा झणझणीत वास नसेल, तर ती पुडी घरात आणूच नये. दाणा बोटांत चुरडून हुंगायचा. थायमॉलचा वास लपत नाही.

आता हाताळणीबद्दल. ओव्याचे तेल कातडीला तसेच लावू नये, ते भाजते. त्या जागी लाली येते, फोडही येतात. दुखऱ्या सांध्याला लावायचे तर पाच मिलिलिटर, म्हणजे लहान चमचाभर, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक थेंब, फार तर दोन. आधी कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढे लावून दिवसभर वाट पाहावी. लावल्यावर हात साबणाने धुवावेत. तसेच डोळे चोळले की काय होते ते ज्याने एकदा भोगले तो पुन्हा विसरत नाही. डोळ्यांत गेलेच तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि मग दवाखाना गाठावा. तेलाची बाटली काचेचीच हवी आणि ती तपकिरी असेल तर उत्तम. हलक्या प्लास्टिकला हे तेल मऊ करते आणि ड्रॉपरचा रबरी फुगा त्याच्या वाफेने फुगून चिकट होतो, म्हणून ड्रॉपर बाटलीतच ठेवून द्यायची सवय वाईट. तेल पेट घेणारे आहे. चुलीच्या, देवघरातल्या दिव्याच्या जवळ नको. फूल वजन करताना खिडकी उघडी असावी आणि ते बोटाने न उचलता चमच्याने घ्यावे.

मुलाने किंवा मोठ्या माणसाने चुकून जास्त घेतले तर ओकारी काढायला जाऊ नये. उलटी होताना तेल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला इजा होते, आणि कापरामुळे झटका आला तर गुदमरायची भीती. दूध-तूप पाजणे तर मुळीच नको. का नको, ते रॉकफेलरच्या तंबूवाल्यांना विचारा. १०८ ला फोन करायचा, बाटली बरोबर घ्यायची, किती वाजता आणि किती गेले ते डॉक्टरांना सांगायचे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट भरात असताना कापूर, ओवा आणि लवंग यांची पुरचुंडी हुंगली की रक्तातला प्राणवायू वाढतो, असा निरोप फोनाफोनी फिरला. लोकांनी पुरचुंड्या गळ्यात बांधल्या, लेकरांच्याही. त्याने प्राणवायू वाढत नाही. नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, ते कापराच्या गार झोंबण्यामुळे, श्वासमार्ग रुंद झाल्यामुळे नव्हे. त्या दिवसांत एवढ्याशा भ्रमावर विसंबून कोणी दवाखान्यात जायला तासभर उशीर केला असेल, तर त्याची किंमत मोठी होती.

ओव्याचे पीक आज राजस्थान, गुजरात, आंध्र, तेलंगण या भागांत मोठ्या प्रमाणावर होते, महाराष्ट्रातही होते. पण दुकानात मिळणारे फूल आता ओव्यातून आलेलेच असेल असे नाही. मेटा-क्रेसॉल नावाच्या रसायनापासून थायमॉल कारखान्यात बनवता येऊ लागले, तेव्हापासून ते स्वस्त झाले आणि ओव्याच्या भट्ट्या मागे पडल्या. गंमत म्हणजे जर्मनीत याच कारखानी थायमॉलपासून मेंथॉलही बनवतात. म्हणजे अमृतधारेतली दोन फुले एकाच बापाची असू शकतात, त्यांत ओवा नाही की पुदिना नाही. ‘आमचे अस्सल नैसर्गिक’ म्हणून कोणी दुप्पट भाव लावला तर द्यावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे; शेतकऱ्याला चार पैसे जाणार असतील तर मी देईन. पण अस्सल म्हणून ते सौम्य असेल, अशी समजूत नको. रेणू तोच आहे, आणि कातडीला दोन्ही सारखेच भाजतात.